कॅनडातल्या एडमंटनमधल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार

पुण्याहून इथे आलो तेव्हा गाडीलाही रात्री विजेचा प्लग लावतात, हे ठाऊकच नव्हतं. बॉनेटमधून बाहेर आलेली वायर पाहून शेजारच्या आजोबांनी हाताला धरून दाखवलं: हा ब्लॉक हीटर. कडाक्याच्या थंडीत निघण्याआधी तीन-चार तास लावायचा, इंजिनात फिरणारं द्रव, म्हणजे कूलंट, गरम राहतं आणि इंजिन सुरू व्हायला अडत नाही.

टायरच्या दुकानातल्या बाईंनी जुन्या टायरवर माझा अंगठा दाबायला लावला. 7 अंशांखाली ते रबर कडक होतं, पकड जाते. दोनच बदलू म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले, म्हणजे खास बर्फासाठीचे, चारही टायर बसवूनच सोडलं. त्या नकाराचं मोल मला पहिल्याच उतारावर कळलं.

काच धुण्याचं, उणे 40 पर्यंत न गोठणारं वॉशर फ्लुइड भरून देणारा पंपावरचा मुलगा, डिकीत फावडं नि घोंगडी ठेवायला लावणाऱ्या मराठी वहिनी, आणि रुतलेल्या चाकाखाली वाळू टाकून गाडी ढकलणारे ते दोघे, ज्यांची नावंही विचारायची राहिली. काल उणे 28 मध्ये लेकीला शाळेत वेळेवर पोहोचवलं. तुमच्यामुळे.