एका आकड्यात कारखान्याचा आवाज मावत नाही

संपादक महोदय,

गणपती-दहीहंडीत डीजेच्या डेसिबलवरून ठाण्यात दरवर्षी वाद रंगतो. वागळे इस्टेटच्या गाळ्यांत किंवा रबाळे-महापेच्या शेडमध्ये रोज आवाज झेलणाऱ्या कामगारासाठी मात्र फाइलीत एकच ओळ पुरते : ‘आवाज ८८ डेसिबल, मर्यादेत.’ हे रीडिंग कुठे उभे राहून घेतले, तेव्हा पत्रा कापणाऱ्या-ठोकणाऱ्या किती पॉवर प्रेस चालू होत्या, याचा पत्ता नसतो.

खरे तर आवाजाचा नकाशा एका शिफ्टमध्ये निघतो. शेडच्या आराखड्यावर ३-३ मीटरच्या चौकटी आखाव्यात. क्लास २ चा, म्हणजे साधारण अचूकतेचा आवाजमापक मीटर पुरतो. तो ए-वेटिंगवर (माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजणी) आणि स्लोवर (आकडा संथ बदलणारी सेटिंग) ठेवावा. आधी आणि नंतर ९४ डेसिबलचा ठरावीक आवाज देणाऱ्या कॅलिब्रेटरने तो तपासावा, दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक आला तर सगळी रीडिंग बाद. माइक कामगाराच्या कानाच्या उंचीवर धरावा. पंख्याचा वारा लागत असेल तर त्यावर स्पंज हवाच. पॉवर प्रेसपाशी आकडा सतत नाचतो, म्हणून तिथे क्षणाचे रीडिंग निरुपयोगी. कामाची काही आवर्तने सामावतील इतका वेळ एलईक्यू, म्हणजे त्या काळातली ऊर्जेनुसार सरासरी पातळी घ्यावी. मग आराखड्यावर ८५, ९० आणि ९५ डेसिबलचे सारखे बिंदू जोडून रेषा काढाव्यात. पुष्कळदा सर्वाधिक आवाजाचा डाग प्रेसभोवती नसून एअर गनने (दाबाच्या हवेच्या झोताने) चुरा उडवण्याच्या टेबलाभोवती पडतो.

नवी मशीन घेण्याआधी अंदाजही बांधता येतो. सारख्या आवाजाच्या दोन मशीन मिळून ३ डेसिबल वाढतात, दहा मिळून १०. उघड्यावर अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल उतरतात. पत्र्याच्या शेडमध्ये भिंती-छपरावरून आवाज परततो आणि थोड्या अंतरापलीकडे ही घट जवळपास थांबते. त्यामुळे कॉम्प्रेसर ‘लांब कोपऱ्यात’ सरकवणे हा उपाय बहुधा फसतो. कोपऱ्यातल्या दोन भिंती त्याचा आवाज उलट आतच फेकतात.

पण नकाशा जागेचा असतो आणि माणूस फिरत असतो. कारखाना नियमांतल्या रूढ तक्त्यानुसार रोज जास्तीत जास्त ९० डीबीएला (ए-वेटिंगच्या डेसिबलला) ८ तास, ९५ ला ४, १०० ला २ तास. ११५ च्या वर क्षणभरही नाही. एखादा हेल्पर ३ तास ९५ मध्ये आणि १ तास १०० मध्ये असेल, तर प्रत्यक्ष तास भागिले परवानगीचे तास, म्हणजे ३/४ अधिक १/२, ही त्याची दिवसाची मात्रा १.२५. बेरीज एकच्या पुढे गेली, मर्यादा मोडली. उरलेले चार तास तो पॅकिंगच्या शांत खोलीत असला तरी. १२ तासांच्या शिफ्टला ९० हीसुद्धा दीडपट मात्रा होते, आणि ओव्हरटाइमचा हा हिशेब क्वचितच कोणी करतो. मुळात हा तक्ताच सैल आहे : ध्वनीची ऊर्जा ३ डेसिबलला दुप्पट होते, तक्ता वेळ निम्मा करतो तो ५ डेसिबलला.

कानात कापूस कोंबणे म्हणजे संरक्षण नव्हे, हेही सांगावे लागते. इअरप्लगच्या पाकिटावर आवाज २५ डेसिबलने घटतो असे छापले असले, तरी त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे, म्हणजे ९ डेसिबलच धरावेत.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने एकाकी आकडा स्वीकारणे बंद करावे. अहवालाला रेषांचा नकाशा, मोजणीची शिफ्ट, चालू मशीनची यादी आणि प्रत्येक कामाची मात्रा जोडलेली असावी. एका भिंतीला लागून असलेल्या गाळ्यांचा नकाशा एकत्रच काढायला लावावा. शेजारची प्रेस बंद असताना घेतलेले रीडिंग ग्राह्य धरू नये.

— औद्योगिक आरोग्य क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, ठाणे