कणाची ऊर्जा आणि टकरीची ऊर्जा

महोदय,

आपल्या रविवारच्या विज्ञान पानावरील वैश्विक किरणांविषयीचा, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांविषयीचा, लेख वाचला. असा विषय मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल आभार. मात्र त्यातील एक चूक दुरुस्त व्हायला हवी, कारण ती आकड्याची नसून समजुतीची आहे. अमेरिकेतील युटा येथे १९९१ साली नोंदला गेलेला वैश्विक कण जीनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या महायंत्रातील प्रोटॉनपेक्षा कोट्यवधी पट ऊर्जावान होता, हे खरे आहे. पण म्हणून त्याची वातावरणातली टक्करही तितक्याच पटींनी मोठी ठरली, हा लेखातला निष्कर्ष चुकीचा आहे.

धावता कण स्थिर कणावर आदळतो तेव्हा टकरीपूर्वीचा एकूण संवेग (वस्तुमान आणि वेग यांवर ठरणारा गतीचा जोर) टकरीनंतरही तेवढाच राहावा लागतो. त्यामुळे टकरीतून जे काही निपजेल ते सारे पुढे धावत राहणे भाग असते, आणि त्या धावण्यात गुंतलेली ऊर्जा नवे कण घडवायला मिळत नाही. कमी वेगाच्या, सारख्या वस्तुमानाच्या दोन गोळ्यांच्या बाबतीत निम्मी गतिज ऊर्जा हाती लागते, आणि हे ‘निम्मे’ विद्यार्थ्यांच्या डोक्यात इतके घट्ट बसते की प्रकाशाच्या वेगाजवळही तेच चालेल असे ते गृहीत धरतात. तिथे मात्र उपलब्ध ऊर्जा कणाच्या ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती दुप्पट हवी असेल तर कणाची ऊर्जा चौपट करावी लागते.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण अमेरिकेतील बर्कलेच्या बेव्हाट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्राचे आहे. या यंत्रावर १९५५ साली प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनएवढ्याच वस्तुमानाचा पण विरुद्ध विद्युतभाराचा कण, सापडला. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉनची नवी जोडी घडवायची, तर दोन प्रोटॉनांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा पुरेल असे प्रथमदर्शनी वाटते. आता एका प्रोटॉनच्या वस्तुमानाची ऊर्जा, म्हणजे ०.९३८ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे एक एकक माना. टकरीनंतर मूळचे दोन प्रोटॉन आणि नवी जोडी असे किमान चार कण उरणार, म्हणून उपलब्ध ऊर्जा चार एकके आणि तिचा वर्ग सोळा. स्थिर प्रोटॉनवर आदळणाऱ्या प्रोटॉनची एकूण ऊर्जा ‘ऊ’ असेल, तर सापेक्षता सिद्धांतानुसार हाच वर्ग १ + १ + २ऊ इतका येतो. म्हणजे ऊ सात एकके. त्यातले एक त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाचे, म्हणून गतिज ऊर्जा सहा एकके, सुमारे ५.६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. बेव्हाट्रॉन ६.२ अब्जांपर्यंत पोहोचत असे, त्यामागे हा हिशेब होता. (तांब्याच्या लक्ष्यातील प्रोटॉन अणुकेंद्रात स्वस्थ नसतात, त्यांच्या हालचालीचीही थोडी मदत होते.)

समोरासमोरच्या टकरीचे मोलही यावरूनच कळते. जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातील सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कड्याच्या आकाराच्या यंत्राचे ४०० अब्जांचे प्रोटॉन स्थिर लक्ष्यावर सोडले, तर उपलब्ध ऊर्जा जेमतेम २७ अब्ज मिळते. किरणोत्सर्गातील क्षीण बलाचा वाहक असलेला डब्ल्यू कण घडवायला सुमारे ८० अब्ज लागतात. त्याच कड्यात १९८१ पासून २७० अब्जांचे प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन विरुद्ध दिशांनी फिरवून एकमेकांवर आदळवले, तेव्हा दोन्ही बाजूंचे संवेग विरुद्ध दिशांचे असल्याने त्यांची बेरीज शून्य झाली, ५४० अब्जांची ऊर्जा उपलब्ध झाली आणि १९८३ मध्ये डब्ल्यू आणि त्याचा जोडीदार झेड हे कण सापडले. स्थिर लक्ष्यावर हेच साधायला दीड लाख अब्जांहून अधिक ऊर्जेचे प्रोटॉन लागले असते, आणि तशाच चुंबकांनी बांधलेल्या कड्याचा परीघ सात किलोमीटरांऐवजी अडीच हजार किलोमीटरांहून जास्त झाला असता. स्थिर लक्ष्याचे प्रयोग तरीही टाकाऊ नाहीत. घन पदार्थात टकरींची संख्या कितीतरी अधिक मिळते आणि न्यूट्रिनो या अतिशय हलक्या, विद्युतभार नसलेल्या कणांचे झोत आजही त्याच मार्गाने तयार होतात.

आता युटाच्या कणाकडे येतो. त्याची ऊर्जा सुमारे ३२ हजार कोटी अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. तो प्रोटॉन होता आणि हवेतील अणुकेंद्राच्या एका प्रोटॉनवर आदळला असे धरले, तर उपलब्ध ऊर्जा सुमारे पावणेआठ लाख अब्ज येते. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये ६,८०० अब्जांचे दोन प्रोटॉन समोरासमोर येतात आणि १३,६०० अब्ज उपलब्ध होतात. म्हणजे कणांची तुलना केली तर साडेचार कोटींहून अधिक पट, पण टकरींची केली तर सुमारे ५७ पट! हा फरक वाचकांपर्यंत पोहोचायलाच हवा.

प्रोटॉन हा क्वार्क आणि ग्लुऑन या त्याहून मूलभूत कणांचा बनलेला असल्याने प्रत्यक्षात त्यांच्यापैकी एकेकाच्या वाट्याला आलेली ऊर्जाच टकरीत कामी येते, ही आणखी एक मर्यादा आहे. तो तपशील बातमीत मावणार नाही, हे मी समजू शकतो. पण दिलेला आकडा एका कणाच्या ऊर्जेचा आहे की टकरीत उपलब्ध होणाऱ्या ऊर्जेचा, आणि लक्ष्य स्थिर होते की समोरून येणारे, एवढे दोन शब्द यापुढे अशा प्रत्येक बातमीत द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सांगली