स्पॅनिशचा धडा मराठीतून द्या

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

मार्केट यार्डातल्या एका बेदाण्याच्या अडतीवर मी दिवाणजी आहे. आमची थोरली बी.कॉम. करता करता सांगलीतच स्पॅनिशच्या क्लासला जाते. शाळा सगळी मराठी माध्यमाची. क्लासमध्ये मात्र प्रत्येक वाक्याचं आधी इंग्रजी करून घेतात आणि मार्क जातात ते त्या इंग्रजीतच. पोर कडेला पेन्सिलीनं मराठी लिहिते आणि वही तपासायला देण्याआधी खोडून टाकते. हे बघून जीव तुटतो.

परवा फोनवरच्या बोलण्याचा धडा होता. स्पेनमध्ये फोन उचलला की 'दिगामे' म्हणतात. म्हणजे 'सांगा', तेही आदरार्थी. वहीत त्यापुढे नुसतं 'हॅलो'. अहो, आम्ही गाळ्यावर दिवसभर 'हां, बोला' म्हणतो, ते तेच की! मेक्सिकोत त्याच जागी 'ब्वेनो' म्हणतात, ते तेवढं पाठ करावं.

पार्टीच्या वाक्यांत तर आपलं मराठी किती जवळचं आहे! मित्राला 'बिएनेस आ ला फिएस्ता?', वडीलधाऱ्यांना 'बिएने उस्तेद?'. पार्टीला येतोस का आणि येता का. इंग्रजीत दोघांनाही 'आर यू कमिंग', मग परत स्पॅनिश करताना मुलं सरांनाही अरेतुरे करतात. 'मे गुस्ता ला फिएस्ता' म्हणजे सरळ 'मला पार्टी आवडते'. पार्ट्या अनेक झाल्या की तिकडे 'गुस्तान', आपल्याकडे 'आवडतात'. 'आय लाइक' डोक्यात ठेवून निघालेला मुलगा हमखास 'यो गुस्तो' लिहितो. सगळंच असं जुळत नाही, नपुंसकलिंगी नाम त्यांच्याकडे नाही आणि क्रियापदं घोकावीच लागतात.

स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे. नोकरीसाठी ती शिकणारी मुलं आता आपल्या गावांतही आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूरची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडे आहेत. विद्यापीठानं मराठी-स्पॅनिश संभाषणाची एक स्वस्त पुस्तिका काढावी. त्यात वाढदिवसाचं आमंत्रण, 'उशीर होईल, जेवून घ्या', 'कोण बोलतंय?', 'घरी नाहीत, निरोप सांगू का?' अशी रोजची वाक्यं असावीत. आणि क्लासचालकांनी या महिन्यापासूनच वहीत मराठीचा रकाना शाईनं लिहू द्यावा आणि त्यालाही मार्क द्यावेत.

आपला,
एक पालक, विश्रामबाग, सांगली