जूनमध्ये लीच लेकवर येताना

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात नॉर्दर्न पाइक हा शिकारी मासा धरायला तू अमेरिकेत मिनेसोटाला येणार हे आता पक्के झाले, त्यामुळे लीच लेक या तलावावरचा लाकडी बंगला मी लगेच राखून ठेवला. पाण्यात इतके गवत असेल तर गळ टाकायचा तरी कुठे, असे तू विचारले आहेस. भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मरळीच्या मागे हिंडलेल्या माणसाने हे विचारावे याची मला गंमत वाटली, कारण उत्तर तुला ठाऊकच आहे : गवतातच टाकायचा.

लीच लेक एक लाख एकरांहून मोठे आहे. वॉकर गावाजवळचा त्याचा भाग चांगला खोल असला, तरी आपल्याला जायचे आहे ते उथळ खाड्यांत, जिथे लव्हाळी, कमळाची पाने आणि इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक उन्हाळ्याच्या अखेरीस होड्यांतून झोडपून काढतात तो जंगली भात दाटीने उगवतो. नॉर्दर्न पाइक जन्मतो तोच अशा गवतात. बर्फ वितळताच मादी काठच्या बुडालेल्या गवतात चिकट अंडी सोडते आणि निघून जाते. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते, तसा कसलाही लोभ पाइकला नाही. उलट थोडे मोठे झालेले पिल्लू भावंडालाही गिळते. त्याचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर शेपटीजवळ सरकलेले असल्यामुळे तो जागच्या जागी उभा राहून एकाएकी बाणासारखा सुटतो, आणि हिरव्या अंगावरच्या फिकट ठिपक्यांमुळे तोवर तो दिसतही नाही. लांबवर पाठलाग करणे त्याच्या स्वभावात नाही, म्हणून आमिष त्याच्या तोंडापुढून जावे लागते.

तरीही सगळे गवत सारखे नसते, आणि माझ्या मते या माशामागची खरी विद्या गवत ओळखण्यातच आहे. इथले गळकरी ज्याला ‘कॅबेज’ म्हणतात, ती रुंद पानांची पाणवनस्पती ठिसूळ असते. आमिष तिच्यात अडकले की काठीला एक झटका द्यावा, पान तुटते आणि आमिष मोकळे होते, आणि पुष्कळदा त्या झटक्यावरच मासा झडप घालतो. याउलट ‘कूनटेल’ लोकरीसारखी गळाला लपेटते आणि प्रत्येक फेकीनंतर ती सोडवत बसावे लागते. त्यामुळे कॅबेजचा पट्टा जिथे संपतो त्या कडेला समांतर होडी धरून, कडेकडेने फेकत जायचे आणि मध्ये जिथे मोकळ्या पाण्याचा तुकडा दिसेल तिथे थांबायचे. जूनच्या आरंभी पाणी अजून थंड असते, म्हणून मोठ्या माद्याही उथळात सापडतात. पुढे पाणी वीस-एकवीस अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्या खोल, गार पाण्याकडे सरकतात आणि गवतात उरतात ती हातभर लांबीची पोरे. तुला जुलैऐवजी जूनमध्ये ये म्हटले ते याचसाठी.

सामानात तुझे रबरी बेडूक जरूर आण. कमळाच्या पानांवरून ते मरळीसाठी ओढतोस तसेच इथेही ओढता येतील. बाकी लाल-पांढरा धातूचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचे चमकते आमिष, आणि गवतात न अडकणारे, पुढे तारेची आडकाठी असलेले चमचे माझ्याकडे आहेत. दोरीच्या टोकाला पोलादी तार मात्र हवीच. पाइकच्या टाळूवरही मागे वळलेले दात असतात आणि साधी दोरी ते सहज कापतात. त्याच कारणाने गळ काढायला लांब चिमटा लागतो. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगू नकोस. कल्ल्याच्या झाकणाखाली, लाल झालरीला न लागता बोटे घाल, दुसरा हात पोटाखाली ठेव आणि शक्य तितके काम पाण्यातच उरक.

कोणता मासा ठेवायचा याचा इथला नियम तुला आधी उलटाच वाटेल. 2018 पासून राज्याचे तीन विभाग केले आहेत. आपल्या विभागात माणशी दहा पाइक ठेवता येतात, पण 22 ते 26 इंचांमधला प्रत्येक मासा सोडावाच लागतो आणि 26 इंचांवरचे दोनच ठेवता येतात. लहान पाइकांची इथे बेसुमार गर्दी झाली आहे, ती कमी व्हावी आणि मधल्या मापाचे मासे वाढावेत, हा हेतू. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, आणि खाण्याच्या दृष्टीनेही आपले काही बिघडत नाही. वीस इंची पाइकचे मांस पांढरे, घट्ट आणि गोड असते. त्यातल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या काट्यांना इथली माणसे घाबरतात; रोहू खात वाढलेल्या आपल्याला त्यांचे काय! तरी पाच तुकड्यांत काटे वगळून कापण्याची इथली रीत मी तुला दाखवीन, आणि रवा लावून तळण्याचे काम तुझ्याकडे. सिरक्यातले लोणचेही इथे आवडीने करतात. त्यात काटे मऊ पडतात, पण मासा शिजवलेला नसल्यामुळे पट्टकृमीच्या भीतीने तो आधी काही दिवस कडक गोठवून घ्यावा लागतो. तेवढी सवड तुला नसेल.

दोन गोष्टी राहिल्या. परवाना तुझ्या नावाने, परगावच्या माणसाचा, ऑनलाइन काढावा लागेल. खुल्या पाण्यात माणशी एकच गळ चालतो, तेव्हा तीन काठ्या उचलून आणू नकोस. आणि होडी पाण्याबाहेर काढली की तिला चिकटलेले गवत वेचून, तळाचे बूच काढून पाणी सोडून द्यायचे, हा इथे कायदा आहे. परकीय मिलफॉइल या पाणवनस्पतीचा एवढासा तुकडाही दुसऱ्या तलावात रुजतो. संध्याकाळी डासांमध्ये हे काम करताना तू मला शिव्या देशील, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा विसरू नकोस.

विमानाची वेळ कळव, म्हणजे मिनियापोलिसला घ्यायला येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव