ट्रायच्या तक्त्यात न दिसणारे रग्बी लीग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रीडा पानावर रग्बी लीगच्या खेळाडूची ओळख येते तेव्हा ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे) किती, गुण किती, एवढेच छापले जाते. आणि तिशी ओलांडून तो थांबला की ‘अकाली निवृत्ती’ असा मथळा येतो. संघातल्या निम्म्या खेळाडूंचे काम या तक्त्यात येतच नाही.

आधी एक नेहमीचा घोळ. रग्बीचे दोन प्रकार : लीग हा १३ जणांचा खेळ, युनियन १५ जणांचा. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब युनियनपासून वेगळे झाले, ते सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला द्यायची की नाही या वादावरून. खाणीत नि गिरणीत राबणाऱ्याला खाडा परवडत नव्हता. युनियनने व्यावसायिक खेळ मान्य करायला त्यानंतर १०० वर्षे घेतली.

कारकीर्द किती टिकेल, हे बरेचसे जर्सीवरच्या आकड्यावर, म्हणजे मैदानातल्या जागेवर ठरते. आक्रमक संघाला ६ टॅकल मिळतात, म्हणजे त्याच्या चेंडूवाल्याला सहा वेळा धरून पाडेपर्यंत चेंडू त्याच्याकडे राहतो, आणि प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना १० मीटर मागे हटून पुन्हा पुढे धावावे लागते. विंगर (२ आणि ५) कडेला असतो. त्याच्यावर वेगाचा ताण असतो, टक्करी कमी. मधल्या पट्ट्यातले प्रॉप (८ आणि १०), हूकर (९) आणि लूज फॉरवर्ड (१३) यांच्या वाट्याला मात्र सामन्याला ३०-४० टॅकल सहज येतात. म्हणूनच प्रॉप बहुधा दोन टप्प्यांत मिळून ४५ ते ५५ मिनिटे खेळतो. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) या स्पर्धेने २०१६ मध्ये सामन्यात खेळाडू बदलण्याची मर्यादा १० वरून ८ वर आणली, तेव्हा खेळ मोकळा झाला खरा. पण दमलेल्या प्रॉपला आणखी पाच मिनिटे मैदानात काढावी लागू लागली. नेमक्या त्या पाच मिनिटांत टॅकलचे तंत्र ढासळते.

तंत्र असे : पुढचा पाय चेंडू घेऊन येणाऱ्याच्या जवळ रोवायचा, खांदा त्याच्या बरगड्यांखाली लावायचा, डोके त्याच्या धावेच्या मागच्या बाजूला ठेवायचे आणि मग हात आवळायचे. दमलेला खेळाडू पाय लांबच ठेवतो आणि नुसता हात टाकतो. मग खांद्याचा सांधा निखळतो. डोके चुकीच्या बाजूला गेले, तर समोरच्याचे कंबरेचे हाड किंवा गुडघा थेट कपाळावर बसतो. कंकशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) चेंडूवाल्यापेक्षा टॅकल करणाऱ्यालाच जास्त होते, ते यामुळे. ‘धडक मारली’ असे लिहिणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

डोक्याला मार बसल्याचा संशय आला की खेळाडूला १५ मिनिटांच्या तपासणीसाठी बाहेर काढतात. शुद्ध हरपली, झटका आला किंवा तोल गेला, तर त्या सामन्यात परतणे नाही. कंकशन निश्चित झाल्यास एनआरएलमध्ये, काही अपवाद वगळता, किमान ११ दिवस सक्तीची विश्रांती असते. म्हणजे पुढचा सामना बहुधा गेलाच. तपासणीतल्या उत्तरांची तुलना हंगामापूर्वी घेतलेल्या चाचणीशी होते. नंतरचा फरक दिसू नये म्हणून त्या चाचणीत कोणी मुद्दाम कमी गुण मिळवले, तर तो फसवतो स्वतःच्याच मेंदूला.

आता पैशाचे. प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावर मर्यादा असते. हाफबॅक (७) आणि फुलबॅक (१) मोठा वाटा घेतात, उरलेल्यात बाकीचा संघ बसवायचा. त्यामुळे २९-३० वर्षांचा, बरा पण तारा नसलेला फॉरवर्ड (प्रॉप, हूकरसारखा टक्करी झेलणारा खेळाडू) पहिला कापला जातो. त्याच्या जागी विशीतला पोरगा निम्म्याहून कमी पैशांत येतो. एनआरएलमध्ये कराराचे शेवटचे वर्ष उरले की १ नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबशी बोलता येते. तेव्हाच गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तर साधारण नऊ महिने मैदान बंद आणि वाटाघाटीत हाती काही नाही. अशा वेळी अनेक जण इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये दोन-तीन हंगामांचा करार शोधतात. वाईट पर्याय नाही. फक्त तो दुखापतीपूर्वी शोधलेला बरा.

ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ ३७ व्या वर्षापर्यंत ४३० एनआरएल सामने खेळला, तेही हूकर म्हणून, हे उदाहरण कोणीतरी देईलच. त्याने अंगापेक्षा डोक्याने खेळ चालवला आणि गोलही तोच मारायचा, त्यामुळे क्लबला त्याला ठेवणे परवडले. त्याच्यावरून सरासरी काढू नये.

तेव्हा एवढीच विनंती : प्रॉप किंवा हूकरबद्दल छापताना ट्रायच्या रकान्याशेजारी मैदानावरची मिनिटे, केलेले आणि हुकलेले टॅकल हे तीन आकडे द्यावेत. ते प्रत्येक सामन्यानंतर उपलब्ध असतात.

आपला,
एक नियमित वाचक