वेग वाढवून आवाज तुटायचा थांबणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवात आमच्या सुदामानगरातील मंडळाचे व्याख्यान स्थानिक इंटरनेट-चालकाने आपल्याच जाळ्यातून थेट दाखवले आणि आमच्या वसाहतीतल्या चाळीसएक घरांनी ते पाहिले. नेमक्या त्याच वेळी पुण्याहून थोरल्या बहिणीचा इंटरनेटवरून फोन आला. "दादाची तब्येत..." एवढे ऐकू आले आणि पुढचे सारे गिळले गेले. तक्रार केली की "मोठा प्लॅन घ्या" हेच उत्तर मिळते. दूरसंचार खात्यात उभी हयात घालवलेली असल्याने हे उत्तर अपुरे आहे, असे मी जबाबदारीने सांगतो.

इंटरनेटवर बोलणे असो वा चित्र, सारे छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते. त्यांना वाट दाखवणारे यंत्र म्हणजे राउटर; तो दमला की पॅकेटे अडकतात, गळतात आणि आवाज तुटतो. राउटरला श्रम होतात ते मुख्यतः पॅकेटांच्या संख्येमुळे, कारण पॅकेट लहान असो वा मोठे, पत्ता वाचून वाट ठरवावीच लागते. बोलणे साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटांनी जाते. आवाज आवळून पाठवण्याच्या जी.७२९ पद्धतीत तर प्रत्येक पॅकेटात आवाजाचे २० बाइट आणि हेडरचे, म्हणजे पत्ता वगैरे मजकुराचे, ४० बाइट, म्हणजे पत्रापेक्षा लखोटाच दुप्पट जड! १९९९ च्या मानकानुसार हे हेडर २ ते ४ बाइटांवर आणता येते खरे, पण आवळण्या-उलगडण्याचे काम पुन्हा राउटरच्याच माथी येते. संथ लाइनवर ते शोभते, आधीच दमलेल्या राउटरवर नव्हे. एका पॅकेटात ४० मिलिसेकंदांचा आवाज भरला तर पॅकेटे निम्मी होतात, मात्र उशीर वाढतो, आणि एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तरच संभाषण सहज होते.

खरा उपाय चित्राच्या बाजूने करायला हवा. सेकंदाला ३ मेगाबिटांचे तेच व्याख्यान चाळीस घरांना स्वतंत्र पाठवले की सेकंदाला १२० मेगाबिट वाहतात. मल्टिकास्ट नावाच्या पद्धतीने एकच प्रवाह येऊन वाटा फुटतील तिथेच त्याच्या प्रती होतात. हे मानक १९८९ पासून उपलब्ध आहे. ज्याने त्याने आपापल्या वेळी पाहायच्या चित्रफितींना ते लागू पडत नाही. त्यांची प्रत शहरातच साठवून ठेवावी. आवाजाच्या पॅकेटांना वेगळी, आधी सोडली जाणारी रांग द्यावी. ती इतकी थोडी जागा घेतात की इतरांचे फारसे अडत नाही.

इंदुरातील इंटरनेट-चालकांनी पुढच्या उत्सवाआधी निदान आवाजाची रांग आणि मल्टिकास्ट या दोन सोयी सुरू कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सुदामानगर, इंदूर