पावाला गुण कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या उत्तम बर्गरांची यादी आली होती आणि तिच्याच खाली चौकटीत वडापावांचीही. माझी नात नाशिकहून दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली आहे. तिने ते पान कापून फ्रिजवर चिकटवलं आणि म्हणाली, "आजोबा, रोज डबा खाऊन कंटाळा आलाय. दर रविवारी यातलं एकेक खाऊन बघू या." मी १९८५ पासून २०१७ पर्यंत बेस्टमध्ये वाहक होतो. कुठल्या थांब्यावर उतरलं की कुठला वडा मिळतो, हे मला अजून तोंडपाठ आहे. बर्गरचा अनुभव मात्र जवळजवळ नव्हता. म्हणून मी लगेच हो म्हटलं. गेले पाच रविवार आम्ही दोघं हिंडतोय आणि या हिंडण्यातून जे लक्षात आलं ते आपल्या वाचकांपुढे ठेवावं असं मनापासून वाटलं, म्हणून हे पत्र.

पहिले दोन रविवार बर्गरचे. एकदा वांद्र्याला गेलो, एकदा लोअर परळला. लोअर परळची जागा एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. माझे वडील अशाच एका गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होतो. पुढे त्यांच्या खात्यातल्या एकाने फाटकाबाहेरच वड्याची गाडी लावली आणि त्या गाडीवर चार माणसांचं घर चालवलं. हे मी नातीला तिथे बसल्या बसल्या सांगितलं, तेव्हा तिने हातातला फोन खाली ठेवला आणि पूर्ण ऐकलं.

बर्गर आला. ५२० रुपयांचा. आतली कोंबडीची टिक्की खरोखरच चांगली होती, बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ. ती करणाऱ्याला हात होता. पण पाव गोड, वरून चकचकीत आणि केकसारखा. चौथ्या घासाला खालचा अर्धा भाग सॉसने भिजून ताटलीला चिकटला. मग काट्याने खावं लागलं. नातीने आपल्या वहीत रकाने आखले होते: आतला माल, चटणी किंवा सॉस, भाव, किती वेळ थांबावं लागलं. चारही रकान्यांत गुण भरून तिने वही मिटली.

तिसऱ्या रविवारी वडापाव सुरू झाले. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. तिथून चालत आम्ही कीर्ती कॉलेजच्या गल्लीत गेलो, वड्याच्या पिठाचा कुरकुरीत चुरा घालून देतात तिथे. पुढच्या रविवारी सीएसएमटीसमोर आराम नावाच्या वडापावच्या दुकानात गेलो आणि संध्याकाळी गाडीने ठाण्याला, गजानन वडापावकडे, तिथली बेसनाची पिवळी चटणी तिला चाखवायची होती म्हणून. ती चटणी तिला इतकी आवडली की दोनदा मागून घेतली.

मधे एका गाडीवर थांबलो. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या माणसाचा एकट्याचा नव्हे. वडा अप्रतिम होता. बटाटा हाताने कुस्करलेला, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा, हळद बेताची, वरचं आवरण पातळ. पण पहिला घास घेतानाच पाव फाटला. नातीच्या मुठीत वडा आणि फूटपाथवर पावाचा भुगा. तरी तिने वहीत नऊ गुण लिहिले. मी विचारलं, "नऊ कसे?" ती म्हणाली, "वडा मस्त आहे ना!" मग मी तिला म्हटलं, "बाळा, पाचवा रकाना आख. पावाचा."

संपादक महोदय, आपल्या दोन्ही याद्यांत हाच रकाना नाही. टिक्कीचं वर्णन आहे, चीजचं आहे, चटणीचं आहे. ज्याच्यामुळे तो बर्गर किंवा वडापाव हातात धरून खाता येतो, त्या पावाबद्दल एक ओळ नाही. आणि वडापावात तर निम्मं पोट पावानेच भरतं. बत्तीस वर्षं पाळीच्या मधल्या पंधरा मिनिटांत उभ्याने जेवलेला माणूस म्हणून हे मी खात्रीने सांगतो.

चांगला पाव कसा ओळखायचा तेही लिहितो. लादीतून तोडताना त्याच्या कडा भुसभुशीत न होता तंतूतंतूंनी सुटतात. वरची बाजू तांबूस, बाजू पांढऱ्या, आणि नाकाशी नेला तर किंचित आंबूस वास. गाडीवाला सुरी फिरवतो ती तीन बाजूंनी, चौथी जोडलेली ठेवतो. एका अंगाला हिरवी चटणी, दुसऱ्या अंगाला लसणाची सुकी चटणी, मधे गरम वडा, आणि मग तळहाताने एकदा दाबतो. इथे पावाची परीक्षा. चांगला पाव दबतो आणि हळूच परत वर येतो. वड्याची वाफ त्यात शिरते, आतून तो मऊ होतो, वरचा पापुद्रा मात्र शेवटच्या घासापर्यंत टिकतो. वाईट पाव दाबला की दाबलेलाच राहतो, नाहीतर चिरतो.

हे मला शिकवलं आमच्या आगारामागच्या बेकरीच्या मालकांनी. पहिल्या पाळीला मी पहाटे चारला घरातून निघायचो. रस्त्यावर उजेड फक्त त्या एका दारातून यायचा. आत आठ माणसं, सगळी उत्तर प्रदेशातली, बनियनवर. रात्री दहाला मळलेला मैदा पहाटेपर्यंत फुगून यायचा. भट्टी तापली की नाही हे बघायला कसलंच यंत्र नव्हतं. मालक चिमूटभर मैदा आत फेकायचे आणि तो तांबूस व्हायला किती वेळ लागतो ते तोंडाने मोजायचे. मग लांब दांडीच्या फळीने पत्रे आत सरकायचे. मला दोन पाव आणि कटिंग मिळायचं. एकदा मी विचारलं की बाकीचे दोन तासांत पाव काढतात, तुम्ही रात्रभर का थांबता? ते म्हणाले, "मास्टर, मैदा रात को सोएगा नहीं, तो सुबह उठेगा कैसे?" घाईने फुगवायला हल्ली इम्प्रूव्हर नावाची पूड मिळते. त्याने पाव दिसायला मोठा होतो, पण तोंडात कापसासारखा लागतो आणि संध्याकाळपर्यंत कोरडा पडतो. आमच्या हातात फुटलेला पाव बहुधा तसाच असावा.

माझी आजी रत्नागिरीकडची. ती पावाला घरात येऊ द्यायची नाही. पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी तिची पक्की समजूत होती. खरं तर पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, बटाटा हा शब्दही तिथूनच, आणि बटाटा-मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्याच जहाजांतून इकडे आली. म्हणजे ज्याला आपण अस्सल मुंबईचं म्हणतो त्यातले तीन मुख्य जिन्नस समुद्रावरून आलेले. ते आपले झाले ते इथल्या हातांनी. १९९६ मध्ये लिंकिंग रोडला मॅकडोनाल्ड्स उघडलं तेव्हा मी त्याच रस्त्याच्या बसवर होतो आणि खिडकीतून रांग बघत होतो. जगभर गोमांसाचा बर्गर विकणाऱ्या कंपनीला इथे पुढे बटाट्याची टिक्की करावी लागली, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो.

ती आगारामागची बेकरी गेल्या वर्षी बंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश दिला की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं. मी या आदेशाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. माझ्या पत्नीला दमा आहे. त्या बेकरीच्या धुरामुळे आमच्या दोरीवरचे कपडे काळे व्हायचे आणि तिला हिवाळ्यात रात्र रात्र बसून काढावी लागायची. भट्टीत नुसतं जळाऊ लाकूड जात नव्हतं, मोडलेली कपाटं, रंग लावलेल्या फळ्या, प्लायवूड, जे स्वस्त मिळेल ते जायचं. तो धूर थांबायलाच हवा होता.

पण धुराबरोबर बेकरीही गेली. मालकांनी मला हिशेब दाखवला होता. गॅसची पाइपलाइन त्यांच्या गल्लीत आलेली नव्हती. सिलिंडरवर चालवायचं तर रोजचा खर्च पेलत नव्हता. नवा ओव्हन लाखांतला. जागा भाड्याची, इमारत जुनी, आणि जिन्याखालच्या त्या खोलीत काही बदलायला घरमालक परवानगी देईना. दोन महिने धडपड करून त्यांनी शटर ओढलं आणि गावाला गेले. जाताना पत्रे भंगारात घातले. कामगारांतला एक आता दुचाकीवर पार्सलं पोचवतो. मैदा कधी उठतो हे ज्याच्या बोटांना कळतं, तो माणूस.

मला वाटायचं, भट्टी गेली की चव गेली. हे पत्र लिहिण्याआधी ते तपासून बघावं म्हणून गेल्या रविवारी आम्ही घरीच वडे तळले आणि तीन ठिकाणच्या लाद्या आणल्या: एक अजून लाकडावर चालणाऱ्या बेकरीची, एक गॅसवर गेलेल्या बेकरीची, तिसरी दुकानातली, पिशवीबंद, कारखान्यातली. नातीने माझे डोळे रुमालाने बांधले. पिशवीबंद पाव मी पहिल्याच घासाला ओळखला. उरलेल्या दोनांत मी गॅसच्या पावाला भट्टीचा म्हणालो. बत्तीस वर्षांची जीभ चुकली. संध्याकाळी मी त्या गॅसवाल्या बेकरीत जाऊन आलो. मालक तरुण आहे, आजोबांच्या काळापासूनचा धंदा. तो आजही मैदा रात्रीच मळून ठेवतो. मला उत्तर मिळालं. भट्टीच्या धुराने काही फार मोठी चव येत नव्हती, चव त्या रात्रभराच्या थांबण्यात होती.

म्हणून महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे: नोटीस देणाऱ्या अधिकाऱ्याबरोबरच गॅसजोडणीचा अर्ज भरून घेणारा माणूसही पाठवा. ज्या गल्लीत लहान बेकरी आहे तिथे पाइपलाइन आधी न्या. ओव्हनसाठी कमी व्याजाचं कर्ज मिळवून द्या, आणि जागा भाड्याची असेल तर घरमालकाशी बोलायला मधे पडा. एक बेकरी बंद पडली की आसपासच्या दहा गाड्या पिशवीबंद पावावर जातात, हे मी आमच्याच भागात बघतोय.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या यादीत पावाला वेगळे गुण द्या. पाव कुठल्या बेकरीतून येतो, दिवसातून एकदा येतो की दोनदा, हे गाडीवाल्याला विचारा आणि बेकरीचं नाव छापा. त्या माणसांची नावं सहसा कुठे छापून येत नाहीत. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या भागात गॅसवर किंवा विजेवर गेलेली आणि तरीही रात्री मैदा मळून ठेवणारी बेकरी असेल, तर त्यांनी आपल्याकडे कळवावं. नातीच्या वहीतल्या पाचव्या रकान्यात अजून तीनच आकडे आहेत. ती महिनाअखेरीस नाशिकला परत जाते, त्याआधीचे दोन रविवार आम्ही मोकळे ठेवले आहेत.

आपला नम्र,
बेस्टचा एक निवृत्त वाहक
वडाळा, मुंबई